पाखऱ्याचे दात

त्या साली भांबुर्ड्याच्या पागेत सगळ्यांत सुखी जीव कोणता, असं कुणी विचारलं असतं, तर बायडाबाईनं चिंचेवरच्या चिमण्यांकडं बोट दाखवलं असतं. पेशवाईचे उतरते दिवस होते. आदल्या साली फौजा उभ्या पिकांतून गेल्या आणि त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. मुठेच्या पात्रात गुरांची हाडं पांढरी पडली होती. गिधाडांना उडायचा कंटाळा आला होता. माणसं चिंचेच्या पाल्यावर आली होती. चिमण्या मात्र चेंडूसारख्या गुबगुबीत होत्या, कारण पागेत पाखऱ्या होता.

पाखऱ्या म्हणजे सरदारांचा म्हातारा घोडा. ऐन तारुण्यात त्यानं जखमी धन्याला रणातून पाठीवर घेऊन आणलं होतं. तेव्हा भर दरबारात सरदार म्हणाले होते, की हा जिवंत असेतो याची चंदी कुणी थांबवायची नाही. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. सकाळ-संध्याकाळ तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी, भरून भिजवलेला हरभरा. मोठ्यांचा शब्द तो, दुष्काळाला भिणार थोडाच. पुण्याच्या पेठांत मूठभर जोंधळ्यासाठी बाया अंगावरचं लुगडं सोडायच्या बेताला आल्या होत्या आणि नदीच्या अलीकडं एक म्हातारा घोडा तोबऱ्यात तोंड घालून हरभरा खात होता.

बायडाबाईचा नवरा संपत त्याचा मोतद्दार होता. घोड्याला खरारा करायचा, पाणी दाखवायचं, चारायचं, त्याचं दुखणंखुपणं बघायचं, हे मोतद्दाराचं काम. त्यांची वारज्याला वडिलार्जित जमीन होती, पण तिच्यात आता ढेकळं आणि उंदरांची बिळं एवढंच पिकत होतं. म्हणून संपत म्हाताऱ्या आईला, बायकोला आणि पोरीला घेऊन पागेला आला. पागेच्या भिंतीला टेकून एक खोपट मिळालं, रोजचा शिधा ठरला. तो शिधा दसऱ्याला निम्मा झाला आणि दिवाळीनंतर बंद पडला. पुढल्या सुगीला सगळं मिळेल, असा निरोप आला. तोवर काय खायचं ते निरोपात नव्हतं.

चाकरीला लागताना प्रत्येक मोतद्दाराच्या हातावर खंडोबाचा बेलभंडार ठेवत. बेलाचं पान आणि हळद मुठीत धरून शपथ घ्यायची, की घोड्याच्या पुढ्यात पडलेला दाणा मला विषासमान. बाकीच्यांनी ती शपथ हात धुताना हळदीबरोबर धुऊन टाकली. संपतला ते जमलं नाही. तो माणूसच तसा होता, भोळा म्हणा नाहीतर हट्टी म्हणा. शेजारच्या रांगेतला मच्छिंद्र प्रत्येक घोड्याच्या तोबऱ्यातून मूठ मूठ काढी. त्याचे घोडे तरणे, वरकड गवतावर भागणारे, त्यामुळं कुणाला कळतही नसे. तो संपतला म्हणे, "बेलभंडार काय शिजतो व्हय गड्या?" संपत आपला तोबरा पुरा भरी.

लिदीतले दाणे बायडाबाईला चिमण्यांनी दाखवले. जळणासाठी ती लीद वाळत घाली. लीद मोतद्दाराच्या घरची, हा पागेचा जुना रिवाज. एका दुपारी तिनं पाहिलं, की बाकी सगळ्या घोड्यांची लीद सोडून चिमण्या पाखऱ्याच्याच लिदीवर तुटून पडल्या आहेत. जवळ जाऊन तिनं काडीनं उकरलं. आत हरभरे होते. सबंध, फुगलेले, साल न फुटलेले हरभरे. पाखऱ्याच्या दाढा झिजून वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, त्यांना करवतीसारख्या धारा आल्या होत्या. चावायला गेलं की गालाला लागे, म्हणून बिचारा दाणे तसेच गिळी. ते एका तोंडानं आत जात आणि जसेच्या तसे बाहेर येत.

बायडाबाईनं इकडं-तिकडं बघितलं आणि पदर पसरला.

मग तिनं त्याची रीतच लावून घेतली. लीद फरशीवर पातळ पसरायची, उन्हात खडखडीत वाळवायची, तळहातांनी चोळायची, सुपानं पाखडायची. उरलेले दाणे टोपलीत घालून मुठेच्या डबक्यात पुनःपुन्हा धुवायचे, परत वाळवायचे आणि खापरावर भाजायचे. भाजले की वास बराच जाई. मग जात्यावर भरडून त्यात चिंचेचा पाला घालून पातळ कालवण करायचं. तिची पोर शकू तेव्हा सहा-सात वर्षांची होती. लीद वाळत असली की ती काठी घेऊन बसे आणि 'हाऽऽ हा' करून चिमण्या हाकलायची. चिमण्या उडत, हातभर पलीकडं बसत आणि परत येत. शेणकिडेही खालून गोळे करून नेत. एका तोबऱ्यावर किती तोंडं टपलेली होती, याला सुमार नव्हता.

सासू तुळजाबाई पहिल्यांदा तोंड फिरवून बसली. पाटलाच्या भावकीतली बाई ती, घोड्याच्या मागचं खायची वेळ आली म्हणून भिंतीला तोंड लावून रडली. दुसऱ्या दिवशीही तिनं वाटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप जेवली आणि खालमानेनं विचारलं, "बायडे, आणिक हाय का गं?" पोटापुढं भावकी किती टिकणार. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिला दिसत नव्हतं, पण दाणे भाजल्याचा वास बरोबर येई. जेवताना आपल्या वाटीतलं थोडं ती दर वेळी मागं ठेवी, नातीसाठी.

राहिला संपत. त्यानं वाटी पुढं ओढली. मग म्हणाला, घोड्याच्या पुढ्यातलं खायचं नाही असा आपला शब्द आहे. मागं पडलं त्यावर देवाचाही हक्क नाही. आणि त्यानं खाल्लं.

महिन्याभरात शकूचे गाल जरा भरले. पाखऱ्याच्या मात्र बरगड्या दिसू लागल्या. त्याच्या पाठीचा कणा खुंटीसारखा वर आला, मागच्या पुठ्ठ्यांवर खड्डे पडले. बायडाबाई त्याच्या मानेवरून हात फिरवी. तिला सगळं कळत होतं. जे त्याच्या अंगाला लागत नव्हतं ते तिच्या लेकीच्या अंगाला लागत होतं. ती त्याच्या कानाशी पुटपुटे, की बाबा, तू आमच्यासाठी उष्टं सोडतोस, तुझे पांग कसे फेडू. घोडा कान हलवी. मनातून ती एकच मागणं मागे, त्याच्या दाढा आहेत तशाच राहोत.

मार्गशीर्षात सरदारांचे कारभारी आप्पासाहेब पागेच्या पाहणीला आले. सदाशिव पेठेतून लकडी पुलावरून तट्टावर बसून आले, रांग बघत बघत पाखऱ्यापाशी थांबले. त्यांनी उपरण्याच्या टोकानं घोड्याच्या बरगडीवरची धूळ झटकली.

"संपत, कार्तिकी एकादशी होऊन गेली की रे," आप्पासाहेब म्हणाले. "याचा उपास अजून सुटला नाही काय?"

संपत म्हणाला, चंदी पुरी घालतो सरकार, घोड्याच्या अंगाला लागत न्हाई.

"कुणाच्या अंगाला लागते ते सांग उद्या सकाळी चावडीवर. बेलभंडार हातात घेऊन सांग."

एवढं बोलून ते पुढं गेले. चावडीवर चोरी शाबीत झाली की पाठीवर कोरडे आणि कुटुंबासकट पागेबाहेर, हे साऱ्यांना ठाऊक होतं. मच्छिंद्र आपल्या गुबगुबीत घोड्याला खरारा करत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

दिवेलागणीला खोपटात दिवा नव्हताच. चुलीच्या उजेडात बायडाबाईनं विचार करून ठेवला होता तो नवऱ्यापुढं मांडला. चोर ठरलात तर पागा गेली, घोडाही गेला. दाढांचं सांगितलंत तर पागा राहील, पण दाढा घासून सारख्या करतील, मग दाणे बंद. मधली वाट एकच होती.

"जंत झाल्यात म्हणावं," ती म्हणाली. "म्हातारा घोडा हाय, जंत हुत्यात. लिंबाचा पाला चारत्याल, आनखी काय करत्याल? तवर पावसाळा येतोय."

संपत चुलीत काडी सारत राहिला. "हातात भंडारा आसल तवा," तो हळूच म्हणाला, "तवा कसं म्हनू?"

"पोरीकडं बगा आन् म्हना."

शकू तुळजाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. संपतनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, बघतो. बायडाबाईनं त्या 'बघतो'वर रात्र काढली.

सकाळी ती लीद पसरून बसली होती, धुतलेल्या दाण्यांचं सूप उन्हाला ठेवलं होतं. एवढ्यात पागेचा शिपाई आला आणि सूप उचलून चालू लागला. ती त्याच्यामागं धावली. चावडीपुढं सगळे मोतद्दार गोळा झाले होते. मधोमध संपत उभा होता, उजव्या मुठीतून पिवळी हळद मनगटावर सांडली होती. त्याचं तोंड बघूनच ती समजली.

झालं होतं असं, की संपतनं जंत म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आप्पासाहेब मध्येच म्हणाले, की चोर बोलायच्या आधी असाच आवंढा गिळतो. सगळ्यांच्या पुढं चोर हा शब्द ऐकला आणि त्याच्या अंगाची आग झाली. मार खाल्ला असता, उपास काढले असते, पण चोर म्हणवून घेणं त्याच्या सात पिढ्यांत नव्हतं. त्यानं घडाघडा सगळं सांगितलं. दाढांच्या धारा, सबंध दाणे, लीद, आणि माझ्या बायकोनं ते धुऊन ठेवलेत, आणून बघा. इमानाची खात्री पटवून द्यायची एवढी घाई त्याला झाली होती, की आपण काय देऊन टाकतो आहोत हे त्याला कळलंच नाही.

सूप आप्पासाहेबांपुढं ठेवलं. त्यांनी दोन बोटांनी एक हरभरा उचलला, नाकाशी नेला आणि खाली टाकला.

"म्हणजे घोड्याचं झाल्यावर तुमची पंगत," ते म्हणाले. मग जमलेल्यांकडं वळले. "चोर नाही हा. चोराला चव असते."

पाच-पंचवीस माणसं हसली. मच्छिंद्र नाही हसला, त्यानं मान खाली घातली. बायडाबाईनं पुढं होऊन सूप उचललं, खाली पडलेला तो एक दाणाही उचलून त्यात टाकला आणि परत फिरली. पाठीमागं आप्पासाहेब संपतच्या इमानाला शाबासकी देत होते आणि शहरातून सालोत्र्याला, म्हणजे घोड्यांच्या वैद्याला, बोलावणं धाडत होते.

सालोत्री म्हातारा होता, मोठा शहाणा माणूस. त्यानं पाखऱ्याच्या नाकाच्या शेंड्याला दोरीचा पीळ घातला, म्हणजे घोडा हलत नाही. जबड्यात लाकडाचा ठोकळा बसवला आणि लांब दांड्याची कानस आत घातली. मान संपतनं धरली होती. कानस चालू लागली तसा कुरकुर आवाज भिंतीपर्यंत येऊ लागला आणि घोड्याच्या ओठांवरून दाढांचा पांढरा भुगा गळू लागला. बायडाबाई खोपटाच्या दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, हा माणूस आपल्या जात्याची तळी घासून टाकतोय. घोड्याचे डोळे भीतीनं पांढरे झाले होते. संपत त्याला लहान मुलासारखा समजावत होता, झालं रे राजा, झालं, आता पोटभर खाशील.

निघताना सालोत्री हात धूत म्हणाला, "घोड्याचे दात नखांसारखे असतात, वाढत राहतात. सहा-आठ महिन्यांत पुन्हा धार येईल. दिसली की लगेच कळवा."

त्या संध्याकाळी पाखऱ्या चावून खाऊ लागला. तोबऱ्यातून कचर कचर आवाज येत होता. पागेतला कुणीही म्हणाला असता, की किती गोड आवाज. बायडाबाईनं कानांवर पदर ओढला.

दोन-चार दिवस मागचे दाणे निघाले. मग लिदीत नुसता भुसा राहिला. तरीही ती पसरत होती, चोळत होती, पाखडत होती. शकू सवयीनं काठी घेऊन बसे. पण हाकलायला काही उरलं नव्हतं. आठवड्याभरात चिमण्या चिंचेवरून उठल्या आणि नदीपलीकडं शहराच्या बाजूला निघून गेल्या. त्यांना चावडी नव्हती, बेलभंडार नव्हता, पंख तेवढे होते.

पुढचे महिने कसे गेले ते सांगायला जिभेला जड जातं. बायडाबाई वारज्याच्या आपल्याच रानात गेली आणि उंदरांची बिळं खणली. सुगीला उंदीर कणसं ओढून नेतात, बिळात साठवतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या साली उंदरांनाही काही मिळालं नव्हतं. एका बिळात कणसाच्या जागी वाळलेलं उंदराचं पिल्लू निघालं. मुंग्यांची वारुळं उकरली, त्यांतून मूठभर गवताचं बी निघालं. मग चिंचोके भाजून खाल्ले, वडाची फळं खाल्ली, उंबराची साल उकळून प्याली. पेठेत एका वाड्यापुढं पेज वाटतात असं ऐकून ती शकूला काखेत घेऊन लकडी पुलावरून गेली. रेटारेटीत पोर चिरडायची वेळ आली. एकदा पेज मिळाली, नंतर वाड्याचं दार बंद झालं. शकूचे गाल आत गेले, पोट मात्र डेऱ्यासारखं पुढं आलं आणि केस तांबूस पडले.

पाखऱ्या अंगानं भरला. कणा मांसात बुडाला, पुठ्ठे गोल झाले, कातडी अशी झाली की माशी बसली तर घसरावी. आप्पासाहेब गुढीपाडव्याला आले तेव्हा खूश होऊन म्हणाले, आता कुठं मोतद्दाराचा घोडा दिसतो. संपतनं मुजरा केला. वाकला तो उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. शिध्याचं विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण आप्पासाहेब पुढच्या घोड्याकडं गेले होते.

त्या दिवशी बायडाबाईनं नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की मूठभर काढा. एकच मूठ. घोड्याला कळणारही नाही. संपत रडला. गडीमाणूस गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊन रडला, पण नाही म्हणाला. खंडोबाची शपथ मोडून घातलेला घास पोरीला लाभायचा नाही, उलटा बाधेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्याला शपथेची भीती पोरीपायीच वाटत होती. हे बायडाबाईला कळत होतं, म्हणून तिला त्याचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पाखऱ्याला तोबरा चढवला होता आणि संपत पाणी आणायला गेला होता. शपथ नवऱ्यानं घेतली होती, तिनं नव्हती. ती घोड्यापाशी गेली आणि तोबऱ्याच्या काठावरून हात आत घातला. घोड्यानं चावणं थांबवलं. त्याचा ऊन श्वास तिच्या मनगटावर येत राहिला, ओले ओठ बोटांना लागले. तो नुसता उभा राहिला, तिनं घ्यावं म्हणून थांबल्यासारखा. तिनं मूठ भरून हात बाहेर काढला आणि वळली, तर मागं संपत.

त्यानं पाण्याची घागर खाली ठेवली. तिचं मनगट धरलं. तिनं मूठ आवळली होती, पण तिच्यात तरी कुठं बळ होतं. त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली आणि दाणे परत तोबऱ्यात सोडले. तिच्या तळहाताला चिकटलेला शेवटचा हरभराही त्यानं नखानं काढून आत टाकला.

"तुमच्या खंडोबाला," बायडाबाई म्हणाली, "एक लेकरू कमी पडतंय व्हय?"

संपतनं घागर उचलली. पाखऱ्या पुन्हा चावू लागला. त्यानंतर ती नवऱ्याशी बोललीच नाही.

वैशाखात शकूला हगवण लागली. दोन दिवसांत पोर अंथरुणाला खिळली. अंथरूण कसलं, गवताची पेंढी. तिला ग्लानी आली की तिचा उजवा हात उचले आणि हवेत हले, चिमण्या हाकल्यासारखा. ओठ हलत, 'हाऽ हा' एवढंही पुरं येत नसे. तुळजाबाई चाचपडत तो हात धरी आणि म्हणे, गेल्या गं बाई, चिमण्या गेल्या, नीज आता. मच्छिंद्र दारात आला. त्यानं कनवटीतून मूठभर हरभरे काढले आणि उंबऱ्यावर ठेवले. संपत तिथंच बसला होता. ते दाणे कुठले हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ना होय म्हटलं ना नाही. बायडाबाईनं ते शिजवले, बोटानं कुस्करले, पोरीच्या ओठांना लावले. पोरीच्या पोटात ते ठरले नाहीत. फार उशीर झाला होता.

दुपारी, उन्हं अगदी माथ्यावर असताना, तो हात उचलायचा थांबला.

लहान पोराला पुरतात. संपतनं मुठेच्या काठी खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ ठणठण वाजत होती आणि हातात जोर नव्हता, म्हणून खड्डा पुरेसा खोल होईना. पलीकडच्या काठावर गिधाडं बसली होती. बायडाबाईनं नदीतले दगड आणून आणून वर रचले, एकावर एक, तिच्या अंगात होतं नव्हतं ते बळ संपेपर्यंत. कुणाच्या तरी पोटात जायचंच असेल तर मुंग्यांच्या जाऊ दे, यांच्या नको, असं ती बडबडत होती. संपतनं तिला उठवायला हात पुढं केला. तो हात तिनं घेतला नाही.

संध्याकाळी तो पाखऱ्याला तोबरा चढवायला गेला. चंदीची वेळ चुकवून चालत नव्हती.

ज्येष्ठ लागला. आभाळात कापूस पिंजल्यासारखे ढग आले आणि गेले. एका सकाळी बायडाबाई लीद गोळा करत होती, जळण तरी लागतंच. पाहते तर चिंचेवर किलबिल. पाच-सहा चिमण्या होत्या. एक खाली उतरली, लिदीवर बसली आणि टोच मारून उडाली. चोचीत काहीतरी होतं.

बायडाबाई उभी राहिली. मग खाली बसून तिनं लीद बोटांनी फोडली. आत हरभरा होता, सबंध, फुगलेला. शेजारी दुसरा. दाढांना पुन्हा धार आली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

मागं खराटा थांबला. संपत उभा होता. त्यानंही पाहिलं होतं. दिसली की लगेच कळवा, असं सालोत्री बजावून गेला होता. चावडी समोर शंभर पावलांवरही नव्हती. बायडाबाईनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. शकू गेल्यापासून तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. तो कधी एवढा म्हातारा झाला, तिला कळलं नाही.

संपतनं चावडीकडं पाहिलं, घोड्याकडं पाहिलं. पाखऱ्याच्या अंगावर अजून तुकतुकी होती. ती पावसाळ्यात ओसरणार होती, आणि हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यानं खराटा भिंतीला टेकवला. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि लिदीतले दाणे निवडू लागला. ज्या बोटांनी तिची मूठ उघडली होती तीच बोटं आता दाणा दाणा वेचून तिच्या पदरात टाकत होती. तिनं पदर मागं घेतला नाही.

तिनं दाणे धुतले, वाळवले, खापरावर भाजले. कोपऱ्यात बसलेल्या तुळजाबाईनं मान वर केली.

"दानं आलं व्हय गं बायडे?"

"आलं आत्याबाई."

जातं फिरलं, पाल्यात भरडा शिजला, तीन वाट्यांत वाढला. तिघं जेवली. तुळजाबाईनं आपली वाटी अर्धी केली आणि सवयीनं पुढं सरकवली, दाराच्या बाजूला, जिथं शकू बसायची तिथं. मग तिचा हात वाटीवरच राहिला.

बायडाबाईला भूक होती. तिला त्या भुकेची लाज वाटली, पण भूक गेली नाही. तिनं सासूच्या हाताखालची ती वाटी ओढून घेतली आणि त्यातलं सगळं बोटानं पुसून पुसून खाल्लं.

बाहेर वाळत घातलेल्या लिदीवर चिमण्या उतरल्या होत्या. त्यांना हाकलायला कुणी नव्हतं.